अनोळखी शहराचे कपडे

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. त्याआधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के आणि त्यावरच्या कपड्याला बारा टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे एकदम अठरा. मूळ किंमत २,५०० असेल तर कुर्ता करासकट २,६२५ ला पडतो. २,६०० असेल तर ३,०६८ ला. दुकानदाराने शंभर रुपये वाढवले की गिऱ्हाइकाला ४४३ जास्त मोजावे लागतात. त्यामुळे या पायरीच्या अलीकडे राहायची धडपड कोणताही कपडेवाला करणारच.

साडीला ही पायरी लागत नाही. साडी न शिवलेली, त्यामुळे ती कापडात मोडते आणि किंमत काहीही असो, कर पाच टक्केच. लाखाची पैठणी पाच टक्क्यांत आणि तीन हजारांचा ड्रेस अठरात. वरच्या टोकाला आणखी एक रेघ आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून महाग हँडबॅग, मनगटी घड्याळ, गॉगल किंवा बूट विकले तर विक्रेत्याने एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल करायचा आयकर, गोळा करून सरकारकडे भरायचा. म्हणजे सरकारदरबारी चैन सुरू होते अडीच हजारांच्या कुर्त्यापाशी आणि तिच्यावर नजर ठेवावीशी वाटते दहा लाखांच्या पर्सपाशी. या दोन रेघांच्या मधला जो प्रचंड पट्टा आहे, त्यात आजचं पुणं खरेदी करतं.

पुणेकर खर्चाला कचरतो हा विनोद फार जुना झाला; दुपारी एक ते चारच्या विनोदासारखाच आता तो पेन्शनीत काढायला हरकत नाही. हे शहर पहिल्यापासून भरपूर खर्च करत आलं आहे. फक्त प्रत्येक खर्चामागे एक कारण तयार असे. लग्न आहे, मुंज आहे, डोहाळजेवण आहे, साठी-शांत आहे. सोनं घेतलं तर ‘अडीनडीला मोडता येतं’. शालू घेतला तर ‘लेकीला होईल’. कोट शिवला तर ‘पुढची वीस वर्षं बघायला नको’. खर्च उघड्यावर येई तो असा अंगभर कारण नेसून. गेल्या पंधरा-वीस वर्षांत रक्कम वाढली हे तर आहेच, पण त्याहून मोठा फरक म्हणजे ते कारण गळून पडलं. मंगळवारी संध्याकाळी, काही नसताना, सहा हजारांचे बूट घेतले जातात आणि घरी कोणी ‘कशाला?’ असं विचारत नाही.

हे कसं झालं ते पाहायचं तर सुरुवात लक्ष्मी रस्त्यावरूनच करावी लागते. साड्या आणि सोन्याच्या या रस्त्याचं नाव अनेकांना देवीचं वाटतं. ते आहे दगडूशेठ हलवाई यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं. लग्न ठरलं की बस्ता बांधायला पुण्यातूनच नव्हे, तर जुन्नर, बारामती, वाईपासून माणसं इथे येत. येत म्हणजे दहा-बारा जणांचा जथा येई. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, समोर सेल्समन साड्यांच्या घड्या फेकल्यासारख्या उलगडणार, आणि आतून चहा येणार. साडी जिच्यासाठी घ्यायची ती नवरी बहुतेक वेळा मागे भिंतीला टेकून. बोलायची ती आत्या, मामी, थोरली जाऊ. आधी मानाच्या साड्या, मग आहेराच्या, सगळ्यांत शेवटी ‘देण्याघेण्याच्या’. पदराचा पोत चिमटीत धरून पाहायचा. ट्यूबलाइटचा भरवसा नाही म्हणून साडी दारापाशी नेऊन उजेडात रंग पाहायचा. फारच शंका आली तर काठाचा धागा काढून जाळायचा आणि जळक्या केसांचा वास येतो का ते पाहायचं. रेशीम ओळखायची ही परीक्षा आजही तितकीच खरी आहे, पण काडेपेटी घेऊन कोणी मॉलमध्ये जात नाही.

एका साडीसाठी चाळीस साड्या उलगडायच्या आणि त्यांच्या घड्या घालायला दोन माणसं ठेवायची, हे आज कुठल्याही व्यापारशास्त्रात बसणार नाही. पण ते बसत होतं, कारण जुन्या पेठांतली बरीच दुकानं पागडीची. भाडं नाममात्र. दुकानदाराला जागेचा तास मोजावा लागत नव्हता, म्हणून गिऱ्हाइकालाही वेळ मोजायची गरज नव्हती. मॉलमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे दुकानाला दर चौरस फुटाचं किमान भाडं ठरलेलं आणि बऱ्याचदा त्याच्याजोडीला विक्रीतला वाटा. जागा महाग, माणूसही महाग. म्हणून माल हँगरवर टांगलेला, आकार कपड्यावर छापलेला, आरसा ट्रायल रूममध्ये, आणि निर्णय गिऱ्हाइकाने एकट्याने घ्यायचा. आत्या आणि मामी कोणाच्या उपदेशाने मागे पडल्या नाहीत. भाड्याच्या गणितातच त्यांना बसायला गादी उरली नाही.

सोन्याच्या दुकानांनी हा बदल जास्त हुशारीने पचवला. गाडगीळांची पेढी १८३२ मध्ये सांगलीत सुरू झाली, १९५८ मध्ये पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच घराण्यातल्या पी. एन. गाडगीळ ज्वेलर्सचे शेअर बाजारात आले. ज्या पेढीवर आजोबा विश्वासाने सोनं ठेवायचे, तिचे शेअर नातू मोबाइलवरून विकत घेतो. दागिन्यांत घडणावळ किती आणि घट किती यावर घासाघीस करणारं गिऱ्हाईक अजून आहे. पण हलक्या वजनाचा, ऑफिसला रोज घालता येईल असा दागिना मागणारं गिऱ्हाईकही तितकंच आहे, आणि त्याला मोडीची फिकीर नाही.

शिंप्याची गोष्ट मात्र निराळी आणि थोडी उलटी आहे. आज ज्याला आपण बेस्पोक, कस्टम, मेड टू मेजर अशा भारी नावांनी ओळखतो आणि ज्यासाठी दसपट पैसे मोजतो, ते पन्नास वर्षांपूर्वी कारकुनालाही मिळत होतं. कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. कापड घ्यायचं, टेलरकडे टाकायचं, ट्रायलला जायचं, ‘गुरुवारी या’ ऐकायचं, गुरुवारी पुन्हा ‘शनिवारी या’ ऐकायचं. मुलांच्या गणवेशात शिवणीत दाबून ठेवलेलं कापड पुढच्या वर्षी उसवायचं. लग्नाच्या आहेरात पुरुषांना सूटचं किंवा सफारीचं कापड मिळे. ते पुढे दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून फिरे. तयार शर्ट-पॅंटने हा सगळा डोलारा दोन दशकांत झोपवला. शर्टाची शिलाई आज इतकी झाली आहे की त्या पैशांत सेलमध्ये तयार शर्ट मिळून वर पैसे उरतात. जे टेलर टिकले त्यातले कॅम्पातले काही सूट-शेरवानीवर टिकले, बाकीचे ऑल्टरेशनवर. पॅंटची उंची कमी करून देणारा माणूस आता मॉलच्या शेजारच्या गल्लीत बसतो, आणि ब्रँडेड जीन्सचा पाय कापताना मूळची कड जपून परत कशी लावायची हे त्याला नेमकं माहीत असतं.

एका जागी मात्र शिंप्याची सत्ता वाढली: ब्लाऊजमध्ये. साडी रोजच्या वापरातून गेली आणि समारंभापुरती उरली, तसा सगळा जोर ब्लाऊजवर आला. कटोरी, प्रिन्सेस कट, पॅड, अस्तर, मागच्या गळ्याची डोरी, डोरीला लटकन, बाहीवर आरी वर्क. आरी वर्कचे क्लास आज तालुक्याच्या गावांतही चालतात आणि त्यावर घर चालवणाऱ्या बायका कमी नाहीत. दोन हजारांच्या साडीवर चार हजारांचा ब्लाऊज हे पूर्वी ऐकलं असतं तर आईने टेलरला आणि मुलीला दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. आता फोटोत कंबरेच्या वर जे येतं त्याला किंमत आहे. साडी त्यामुळे एका अर्थाने ब्लाऊजची मॅचिंग वस्तू झाली आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर चांगल्या ब्लाऊजवाल्या ताईंचा फोन लागणं हे जुन्या काळी रेल्वेचं आरक्षण मिळण्याइतकंच अवघड.

आता शहराकडे पाहू. विमाननगरचं फिनिक्स मार्केटसिटी २०११ मध्ये उघडलं; विमानतळ हाकेच्या अंतरावर, खराडीची आयटी पार्क्स जवळ. त्याच कंपनीचा दुसरा मॉल, मॉल ऑफ द मिलेनियम, सप्टेंबर २०२३ मध्ये वाकडला आला. हिंजवडीच्या दारातच म्हणायचा. कोरेगाव पार्कच्या बाजूला कोपा मॉल आला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला त्यात ॲपलने देशातलं आपलं चौथं दुकान काढलं. त्याआधीची तीन मुंबई, दिल्ली आणि बंगळूरला. कंपन्यांनी नकाशावर पेठा पाहिल्याच नाहीत. त्यांनी ऑफिसं पाहिली. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईपेक्षा मोठी झाली. चाकणमध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्या जुळवल्या जातात. चैनीची मोठ्यात मोठी वस्तू या शहराच्या वेशीवर तयारच होत होती, ती शहरात शिरायला थोडा वेळ लागला इतकंच.

पण पैसा आणि जागा यांच्यामुळे फॅशन बदलते, हे मला पुरेसं वाटत नाही. पैसा सदाशिव पेठेतही होता. तिथे तो दिसत नव्हता, आणि त्याचं श्रेय साधेपणाच्या संस्काराला देण्याची आपल्याला सवय आहे. मला वाटतं, संस्काराइतकंच ते ओळखीचं काम होतं. वाड्यात कोण कुठे नोकरीला, पगार किती, मुलगा कितव्यांदा नापास झाला, सून कुठली, हे सगळं सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी कपड्याने सांगण्यासारखं उरतं काय? पोस्टातल्या माणसाने एकदम झकपक सूट घातला तर लोकांना तो श्रीमंत वाटला नसता. ‘याने कर्ज काढलं की काय’ अशी कुजबुज झाली असती. पेठेत माणसाची ओळख त्याच्या आधी पोचलेली असे.

वाकडच्या तीस मजली टॉवरमध्ये ती पोचत नाही. तिथे लातूरचा, नागपूरचा, इंदूरचा, विजयवाड्याचा माणूस एकाच लिफ्टमध्ये उभा असतो. आडनावावरून काही कळत नाही, गाव माहीत नाही, घराणं विचारायची सोय नाही. लिफ्टच्या अर्ध्या मिनिटात डोळे जातात ते बुटांकडे, घड्याळाकडे, बॅगकडे, हातातल्या फोनकडे. अनोळखी माणसांच्या शहरात लेबल हे ओळखपत्र होतं. आपण कोण हे सांगायला आत्या-मामी सोबत नसल्या की ते काम छातीवरचा मगरीचा किंवा घोड्याचा शिक्का करतो. जे लेबल पूर्वी कॉलरच्या आत मानेला टोचत असे, ते म्हणूनच बाहेर आलं.

याचा पडताळा उलट्या टोकाला मिळतो. बोट क्लब रोडवरच्या, दोन-तीन पिढ्यांच्या श्रीमंत घरांत लेबल पुन्हा आत गेलेलं दिसतं. साधा दिसणारा लिननचा शर्ट, कुठेही नाव नाही, किंमत विचारू नये अशी. सध्या जगभर या प्रकाराला क्वाएट लक्झरी म्हणतात. त्यांना गप्प राहणं परवडतं, कारण तीही एक पेठच आहे. क्लबात, रेसकोर्सवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. मोठ्या अक्षरांतला ब्रँड पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्याला वशिल्याची गरज नाही, त्याला ओळखपत्रही दाखवावं लागत नाही.

ऑफिसच्या कपड्यांनीही यात मोठा हातभार लावला. हिंजवडीत मोठा परिसर असलेल्या इन्फोसिसने जून २०१५ मध्ये आठवड्याचे सगळे दिवस कॅज्युअल कपड्यांना मुभा दिली; टाय आणि फॉर्मल शर्टाचा जमाना तिथे अधिकृतपणे संपला. इतर कंपन्यांतही थोड्याफार फरकाने तेच झालं. फॉर्मल कपड्यांत सगळे सारखे दिसतात, गणवेशासारखे. तो काढला की प्रत्येकाला रोज सकाळी निवड करावी लागते. पोलो टी-शर्ट, चिनोज, स्नीकर्स. पुरुषांच्या बाबतीत मी म्हणेन, स्नीकर्सने अंगठीची जागा घेतली. कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे, कोणत्या वर्षीचे हे ओळखणारी नजर तयार झाली. ज्या मुलाला बाबांच्या टेरिकॉटच्या पॅंटचं कापड ओळखता येत नाही, तो बुटाच्या तळव्यावरून किंमत सांगतो.

पुण्याच्या मध्यमवर्गाला परदेशी चैनीची पहिली ओळख मॉलने करून दिली, असं नाही. ती ऑनसाइटने करून दिली. २००० नंतरच्या दशकात न्यू जर्सीत सहा-सहा महिने राहून आलेल्या इंजिनिअरांनी वीकेंडला वुडबरी कॉमनसारख्या आउटलेट मॉलच्या वाऱ्या केल्या. तिथे कोचची पर्स सवलतीत मिळते हे ज्ञान मराठी मंडळांतून आणि व्हॉट्सॲपच्याही आधी ईमेलमधून पसरलं. बहिणीला पर्स, मेव्हण्याला परफ्यूम, सासऱ्यांना घड्याळ, आणि बॅगेत उरलेल्या जागेत बदाम. त्या पर्समध्ये अजून एक मराठी गंमत होती: ती महाग आहे हे दिसलंही पाहिजे आणि ‘सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळाली’ हे सांगताही आलं पाहिजे. कारण शोधायची जुनी सवय अशी सहजासहजी सुटत नाही. पुढे दुबई आली, आणि सोन्याबरोबर बॅगाही तिथून येऊ लागल्या.

देशात हे ब्रँड सावकाश आले. लुई व्हिताँचं पहिलं दुकान २००३ मध्ये दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात उघडलं आणि नंतर मुंबईच्या ताजमध्ये. म्हणजे पंचतारांकित हॉटेलच्या दारातून आत जायची ज्याची हिंमत त्याच्यासाठीच. सिंगल ब्रँड रिटेलमध्ये २००६ साली ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली, २०१२ मध्ये शंभर टक्क्यांना. झारा २०१० मध्ये आलं, एच अँड एम २०१५ मध्ये, युनिक्लो २०१९ मध्ये. वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझा नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि युरोपातली मोठी घराणी एका छताखाली आली. अगदी वरच्या पायरीच्या वस्तूंसाठी पुणेकर आजही एक्स्प्रेसवे पकडतो. पुण्यात या घराण्यांत प्रवेश मिळतो तो बाटलीतून किंवा चष्म्यातून: परफ्यूम, गॉगल, फार तर घड्याळ. कंपन्यांचा नफाही अशाच छोट्या वस्तूंवर मोठा असतो. आठ लाखांची बॅग घेणारा एखादाच. त्याच नावाचा आठ हजारांचा परफ्यूम बिनव्याजी हप्त्यांवर घेणारे शेकडो. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने खाली येणार आहे. दुबईतून घड्याळ आणून देणाऱ्या मित्राची किंमत तेवढी कमी होईल.

नकलेचा बाजारही याच्याच सावलीत फोफावला. ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर, डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये, फर्ग्युसन रस्त्याच्या पदपथावर त्याचं शिक्षण होतं. २६ मार्च २०२१ च्या रात्री फॅशन स्ट्रीटला आग लागली आणि शेकडो दुकानं जळाली. तिथे कपडे घेऊन कॉलेजची पाच वर्षं काढलेल्या पिढीने त्या रात्री जो शोक व्यक्त केला, तो कुठल्याही मॉलच्या वाट्याला येईल असं वाटत नाही.

आणि तरीही, या सगळ्या झगमगाटात खरी उलथापालथ करणारं दुकान महाग नाही. ते झुडिओ आहे. टाटांनी १९९८ मध्ये लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी विकली आणि त्या पैशांतून ट्रेंट ही दुकानांची कंपनी उभी राहिली. तिच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिमोन टाटांनी आधी वेस्टसाइड वाढवलं, आणि २०१६ मध्ये कंपनीने झुडिओ काढलं. मार्च २०२५ पर्यंत दुकानं साडेसातशेच्या वर गेली. जाहिरात जवळजवळ नाही, ऑनलाइन विक्री नाही, जवळपास सगळं हजाराच्या आत, आणि माल सतत बदलता. बारामतीचा मुलगा आणि बाणेरचा मुलगा एकच टी-शर्ट घालतो. फॅशन खाली झिरपायला पूर्वी तीन-चार वर्षं लागायची: आधी सिनेमा, मग मुंबई, मग पुणे, मग जिल्हा. आता ती एका आठवड्यात सगळीकडे.

झुडिओचा टी-शर्ट आणि हप्त्यांवरचा आयफोन एकाच अंगावर असतात, हे पाहून जुन्या पिढीला गोंधळायला होतं. मला त्यात सरळ हिशेब दिसतो. जे रोज बदलायचं ते स्वस्त, जे रोज दिसायचं ते महाग. मधलं काही नको. मार बसला तो या मधल्यालाच. लक्ष्मी रस्त्यावरचं, जंगली महाराज रस्त्यावरचं, ना अगदी स्वस्त ना फार नामवंत असं तयार कपड्यांचं दुकान, ज्याच्या पाटीवर ‘एकच भाव’ आणि गल्ल्यामागे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहिलेलं असायचं. त्या दुसऱ्या पाटीनेही त्याचं नुकसान केलं. ऑनलाइनवाल्यांनी परत करायची सोय दिली आणि गिऱ्हाईक एकाच कुर्त्याचे दोन साइज मागवून एक परत पाठवायला शिकलं. न ठरवताच विकत घ्यायचं, ठरवायचं घरी गेल्यावर, ही सवय लागलेल्या माणसाला ती पाटी अपमान वाटते.

साडी मात्र या तडाख्यातून वाचली, आणि पैठणी तर नुसती वाचली नाही, चढली. त्याला मदत टीव्हीची. आजच्या झी मराठीवर, म्हणजे तेव्हाच्या अल्फा मराठीवर, २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि आदेश बांदेकर भावोजी घरोघरी जाऊन जिंकलेल्या वहिनींना पैठणी देऊ लागले. जी वस्तू मोठ्या घरच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात असायची, ती रोज संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात दिसू लागली. ‘आपल्यालाही हवी’ असं वाटायला आणखी काय लागतं? २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि नथ, चंद्रकोर, नऊवारी हे सगळं कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला हक्काचं झालं. नऊवारी नेसता येत नाही ही अडचण शिवलेल्या नऊवारीने सोडवली. पेशवाई, मस्तानी, ब्राह्मणी अशा नावांनी ती पायजम्यासारखी चढवता येते.

पण मागणी अशी वाढली तरी येवल्याच्या हातमागाचा वेग वाढत नाही. अस्सल पैठणीचा पदर आणि काठ विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लहान कांडीवर घेऊन हाताने गुंफत जावा लागतो. रेशीम बंगळूरकडून, जर सुरतेची. काम बारीक असेल तर एका साडीला महिने लागतात. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते. यंत्रावरच्या सेमी पैठणीला मागे धागे सुटलेले किंवा कापलेले दिसतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दीड हजारांची सेमी आणि लाखाची अस्सल या दोन्हींना लग्नाच्या हॉलमध्ये लोक एकच नाव देतात. मोबाइलच्या फोटोत तर फरक कळायची सोयच नाही. इथे आत्याची चिमूट खरोखर कामाला आली असती. ती नसल्यामुळे आता विणकराच्या फोटोसकट प्रमाणपत्र, सिल्क मार्क, मागावर साडी चढवल्याचा व्हिडिओ अशा गोष्टी विकणाऱ्याला द्याव्या लागतात. मुनिया काठ, बांगडी मोर, असावली ही नावं ज्या घरात आपसूक माहीत असायची, त्या घरातली मुलगी ती इन्स्टाग्रामवरून शिकते, आणि शिकल्यावर आईपेक्षा जास्त पैसे मोजते.

कोल्हापुरीच्या बाबतीत जे घडलं ते याहून बोचरं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत थेट कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेने प्राडाला पत्र लिहिलं, प्राडाने प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन हजार जोड, किंमत सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर, आणि फेब्रुवारी २०२६ पासून विक्री, असं ठरलं. तेच कातडं, तीच वेणी, तोच अंगठा. कोल्हापुरात उत्तम जोड दीड-दोन हजारांत मिळतो आणि तरीही ‘जरा कमी करा की’ म्हटलं जातं. आपण प्राडावर चिडलो ते रास्तच; पण चपलेवर नाव नसलं की कारागिराला काय भाव मिळतो, हे मिलानला जायच्या कितीतरी आधी आपणच ठरवून टाकलं होतं.

पेठांचं काय होणार, हा प्रश्न पुण्यात वीस वर्षं विचारला जातोय आणि दरवेळी उत्तर ‘संपल्या’ असं दिलं जातं. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्थानक मिळालं. त्यामुळे पिंपरी-चिंचवडमधून थेट तुळशीबागेशी उतरता येऊ लागलं. रविवारी त्या स्थानकातून वर येणाऱ्या गर्दीत लेकुरवाळ्या बायकांइतक्याच विशी-पंचविशीतल्या नोकरदार मुली असतात. कानातली, टिकल्या, मॅचिंग ब्लाऊज पीस, फॉल-पिको, आणि मग चाट. घासाघीस त्यांना नीट येत नाही, पण हौस दांडगी. पेठेतल्या दुकानदाराने त्यांना ओळखायचं काही कारण नाही आणि त्यांना तशी अपेक्षाही नाही. पेठही आता त्यांच्यासाठी अनोळखी माणसांचा बाजारच आहे, फक्त छप्पर नसलेला.

अडचण आहे ती गाडीची. लक्ष्मी रस्त्यावर सम-विषम तारखांचं पार्किंग करून झालं, गल्लीबोळांत वाहनतळ शोधून झाले. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवते. मुलं रस्त्यात खेळतात, बाकं मांडली जातात, आणि कायमचं असं करायचा विषय निघाला की गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, ही शंका पुढे येते. वाकडच्या मॉलमध्ये मात्र सगळेजण गाडी तळघरात सोडून दोन-दोन किलोमीटर चालतात, आणि तिथला धंदा त्याने बुडालेला नाही.